रशिया कोणाच्या बाजूचा

कुंदा अमरावतीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली तेव्हा युरोपात लढाई पेटून चार-पाच महिने झाले होते. इतिहास शिकवायच्या विमलताई. आवाज बारीक, पण त्या वर्गात शिरल्या की मुलींची कुजबुज आपोआप थांबायची. कुंदाला तर त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायची सवयच लागली.

जर्मनी आणि रशियाने तह करून पोलंड वाटून घेतला होता. एका मुलीने विचारलं, मग रशिया आता आपल्या सरकारचा शत्रू झाला का? ताई म्हणाल्या, तह झाला म्हणजे मैत्री झाली असं समजू नका. दोघांनाही तयारीला सवड हवी आहे. ती मिळाली की ते एकमेकांवर उठतील, आणि तेव्हा रशिया इंग्रजांच्या बाजूला दिसेल.

ही गोष्ट शाळा समितीचे अध्यक्ष बापूसाहेब वकील यांच्या कानावर गेली. रशियाने नुकताच फिनलंडवर हल्ला केला होता. सरकारी लोकांना त्याचं नावही खपत नव्हतं. शाळेचं अनुदान जाईल या धास्तीने बापूसाहेबांनी ताईंना बोलावून घेतलं आणि मुलींसमोर शब्द मागे घ्यायला सांगितलं. ताईंनी शांतपणे नाही म्हटलं. दुसऱ्याच दिवशी इतिहास कुंदाकडे आला आणि ताईंना शिवणाचा वर्ग मिळाला.

कुंदा ओशाळून त्यांच्या घरी गेली. ताईंनी तिला चहा दिला, भिंतीवरचा नकाशा काढून जमिनीवर पसरला आणि पुढच्या धड्याची तयारी करून घेतली. मग दर रविवारी हेच चाललं. शिवणाच्या वर्गातही त्या मुलींच्या टाक्यांवर तेवढंच लक्ष देत. त्यांच्या तोंडून बापूसाहेबांबद्दल वावगा शब्द कुंदाने कधी ऐकला नाही.

एकेचाळीसच्या जूनमध्ये जर्मनीने रशियावर चाल केली आणि इंग्रजांनी लगेच रशियाला मदत जाहीर केली. बापूसाहेब स्वतः शिवणाच्या वर्गात आले. ताईंचं बरोबर होतं, असं त्यांनी मुलींदेखत सांगितलं आणि नव्या दोस्तीवर व्याख्यान द्यायची विनंती केली.

सभागृह भरलं होतं. ताई बोलत असताना वरूडचे संत्रा बागाईतदार खुशालराव उठले. फौजेत गेलेल्या त्यांच्या मुलाचा पाय आफ्रिकेत एरिट्रियात इटलीच्या तोफेने गेला होता.

"बाई, मागच्या लढाईत इटली इंग्रजांसंग होती. मंग माह्या पोरावर तिनं तोफा काहून डागल्या?"

ताई मंचाच्या कडेपर्यंत आल्या.

"त्याच्याही आधी ती जर्मनीसोबत होती, खुशालराव. राज्यं माणसासारखी जीव लावत नाहीत. एकच भीती दोघांना असते तोवर ती एकत्र राहतात. ही नवी दोस्तीही तशीच आहे. जर्मनी हरली की इंग्रज आणि रशिया पुन्हा एकमेकांकडे संशयाने पाहतील."

बापूसाहेबांनी खुर्चीत चुळबुळ केली. पहिल्या रांगेतले दोन अधिकारी एकमेकांकडे पाहू लागले. ताईंना इतिहास आता परत मिळत नाही, असं कुंदाला वाटलं. पण त्याच वेळी तिला त्यांचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले. शिवणाच्या वर्गात धाडलं तेव्हा आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा, दोन्ही वेळी ही बाई एकच सांगत होती.

"मंग आमी भरोसा कोनावर ठेवाचा?" खुशालरावांनी विचारलं.

"तहावर नको. कोणाला कोणाची गरज आहे, ते बघत राहा. तुमच्या मुलाने मात्र आपला शब्द पाळला. त्याचा मान कोणत्याही तहाने कमी होत नाही."

खुशालराव म्हणाले, "आमच्या गावातून अजून पोरं भरती होऊन राहिली. त्यांच्या मायबापाले हे सांगाले याल का?"

दुसऱ्याच दिवशी बापूसाहेबांनी इतिहासाचा तास ताईंकडे परत दिला. पुढच्या रविवारी त्या मोटारीने वरूडला गेल्या, सोबत कुंदा. संत्र्याच्या झाडांखाली बायामाणसं दाटीवाटीने बसली होती. ताईंनी नकाशा टांगला आणि सगळ्यात आधी विचारलं, कोणाचा मुलगा कुठे आहे?