खचणारी खूण

मोजणीदाराच्या पत्राला पुलाच्या कामावरच्या इंजिनिअर साहेबांनी उत्तर दिलंच नाही. पत्र चार ओळींचं होतं. ‘साहेब, भराव दबायचा थांबलेला नाही. ज्या दगडावरून मी मोजतो, तो पहारेकऱ्याच्या खोलीचा दगडच खाली चाललाय. दोन्ही बुडताहेत, मग फरक दिसणार कसा? वरची जादा माती काढू नका.’

पुलाच्या तोंडाशी खाडीकाठची चिकणमाती होती, लोण्यासारखी. जादा भरावाच्या वजनानं ती मीटरभर दबेल, मगच रस्ता बांधावा, असा साहेबांचा अंदाज. मोजणीत मात्र ती अर्ध्यावरच थांबलेली दिसली. पत्र खरं मानलं तर त्यांचाच अंदाज बरोबर ठरत होता. पण मोजणीचे आकडे सोडून त्या अंदाजावर भरवसा ठेवायचं धाडस त्यांना झालं नाही.

ठेकेदार त्यांचा मेहुणा. ‘भावोजी, सही करताय की मुहूर्त काढताय?’ त्यानं विचारलं. पत्र आल्यावर नऊ दिवसांनी साहेबांनी माती काढायच्या कागदावर सही केली.

चार महिन्यांनी रस्ता खचला, कडेची भिंत कोसळली आणि दोन गवंडी तिच्याखाली चिरडले. त्यांना बाहेर काढायच्या आतच मजुरांनी मोजणीदाराला धरलं. आकडे त्याचे होते. पहिला पाइप पाठीत बसला, दुसरा कोपरावर. हाड कातडी फाडून बाहेर आलं.

‘साहेब, पत्र मिळालं होतं ना?’ तो पडल्या पडल्या म्हणाला. ‘सांगा की यांना.’

शेजारी मेहुणा उभा होता. साहेबांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मग कुणीतरी बुटाच्या टाचेनं मोजणीदाराचे दात पाडले आणि त्याचं विचारणं थांबलं.

खोटे आकडे लिहिले म्हणून त्याच्यावर खटला भरला. निकाल पंधरा दिवसांवर आला, तेव्हा कुठे साहेब उत्तर लिहायला बसले. नेमका मेहुणा आला आणि त्यांच्या खांद्यावरून वाचू लागला.

‘जन्मभर शेळी होऊन राहिलात भावोजी, आता वाघाचं कातडं कशाला?’

‘मला पत्र मिळालं होतं.’

‘ते कुणाला माहितीय?’

‘मला.’

मेहुण्यानं त्यांचा उजवा हात टेबलाच्या खणात कोंबला आणि गुडघ्यानं खण लोटला. दोनदा. बोटं काटक्यांसारखी मोडली. तिसऱ्यांदा गुडघा उचलला, तोच साहेबांच्या बायकोनं मागून भावाच्या कानशिलात इस्त्री हाणली. तो बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर कोसळला आणि तिच्यासकट आडवा झाला.

‘उठलास तर पुन्हा हाणीन, दादा,’ ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. ‘पत्ता सांगा. मी लिहिते.’

उत्तर एका ओळीचं होतं: ‘माती काढायच्या कागदावर मी सही करण्याच्या नऊ दिवस आधी तुमचं पत्र मला मिळालं होतं, ते सोबत जोडलं आहे, कोर्टात दाखवा, मी साक्षीला येतो.’ सही त्यांनी डाव्या हातानं केली.

पोस्टातला कारकून साहेबांच्या उजव्या हातावरच्या, रक्तानं भिजलेल्या फडक्याकडे बघतच राहिला. ‘काका, आधी दवाखान्यात जा.’

‘आधी शिक्का मारा,’ साहेब म्हणाले.

त्यानं मारला.