एकाच मापाची भोकं

पाच गोळ्या झाडल्या तर कागदाला फार तर पाच भोकं पडतात. एवढं गणित आमच्या खोऱ्यात शेळ्यांनाही येतं. तरी त्या शनिवारी मी बाबांच्या कागदासमोर उभी राहून पुन्हा पुन्हा मोजत होते आणि दरवेळी सहाच भरत होती.

कागद म्हणजे कागदी एल्क. घोड्याहून थोराड असं आमच्याकडचं हे हरीण. त्याची आकृती शंभर मीटरवर उभी करतात, खांद्यामागे काळजाच्या जागी एक वर्तुळ असतं, आणि दर वर्षी शिकारीच्या आधी प्रत्येकाला पाचही गोळ्या त्या वर्तुळात घालून दाखवाव्या लागतात. चार घातल्या तर नापास. दुसऱ्या फेरीतही नापास झालेल्या माणसाला त्या वर्षी रानात बंदूक घेऊन उभं राहता येत नाही, मग तो कुणी का असेना. चाचणी घेणारी मी, शिकारी टोळीची म्होरकी मीच, आणि बंदूक झाडणारा एक्क्याऐंशी वर्षांचा एम्ब्रेट म्हणजे माझा सख्खा बाप. गुनवोर फार कडक, असं लोक माझ्या पाठीमागे बोलतात. तोंडावर बोलले तरी माझी हरकत नाही.

झालं होतं असं, की मी आधी इकडूनच दुर्बिणीतून वर्तुळ बघितलं, त्यात पाच भोकं दिसली, आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "एम्ब्रेट पास!" टाळ्या पडल्या. कुणीतरी बाबांच्या हातात गरम वाफल, म्हणजे चौकड्यांचं गोड धिरडं, दिलं, वर तपकिरी चीजचा जाड काप. मीही खूश झाले, खोटं कशाला सांगू? घरी नवऱ्याला फोन करून कळवलं. मग सगळ्यांना बंदुका खाली ठेवायला लावल्या आणि कागद काढायला चालत गेले. तिथे ते सहावं भोक दिसलं. वर्तुळात नव्हतं, एल्कच्या अंगातही नव्हतं. त्याच्या शिंगांच्या वर, कागदाच्या पार कोपऱ्यात होतं.

कागद सकाळी मीच नवा लावला होता, त्यामुळे जुन्या भोकाचा प्रश्नच नव्हता. मी शेजारच्या कागदाकडे बघितलं. बाबांच्या बरोबरीने, त्याच वेळी, शेजारून ओडमुनकाका झाडत होते. त्यांचा कागद कोरा करकरीत. पाच गोळ्या झाडून एक भोक नाही. आणि हा माणूस आमच्या टोळीतला सगळ्यात पक्क्या नेमाचा.

मी तोही कागद काढून घेतला.

ओडमुनकाका म्हणजे बाबांचे जिवलग. शाळेपासूनचे. दोघांचं भांडणही तितकंच जुनं, आणि ते काडतुसांवरून. बाबा जन्मभर जुनं साडेसहा वापरत आले. साडेसहा मिलिमीटरची बारीक, लांबट गोळी. आजोबांच्या वेळी सैन्यात होती, मग घराघरात शिरली ती आजतागायत. ओडमुनकाका तीनशेआठवाले, त्यांची गोळी चांगली जाड. "शिवणाच्या सुईनं एल्क मारतोय बघा," म्हणून ते बाबांना हिणवायचे. बाबा म्हणायचे, "लेका, तुला नेम येत नाही म्हणून तुला मोठं भोक लागतं."

आणि या ऑगस्टमध्ये काकांनी तीनशेआठ विकून टाकली. खांदा दुखतो, धक्का सोसत नाही, आता साडेसहाच घेणार म्हणाले. आमच्याच स्वयंपाकघरात कॉफी पीत बसले होते. प्रश्न एवढाच उरला होता, की साडेसहा घ्यायचं ते जुनं की नवं. नव्याला क्रीडमूर म्हणतात, अमेरिकेतून आलंय. गोळी तीच, त्याच जाडीची. मागचं पितळी कवच तेवढं आखूड. लांबच्या माऱ्याला म्हणे बरं. आमच्या रानात लांबचा मारा म्हणजे ऐंशी मीटर, त्यापुढे झाडंच आडवी येतात.

"जुनंच घ्या की काका," मी म्हटलं. "घरात खोकी पडलीत. अडीनडीला एकमेकांची वापरता येतील."

"नको. नवं घेतो."

"पण फरक काय पडणार?" माझा नवरा योस्टाइन म्हणाला. "ज्या एल्कला लागेल त्यालाही सांगता यायचं नाही कुठलं लागलं."

"माणसानं काळाबरोबर चालावं."

"कोण, तुम्ही? तुमचा फोन अजून भिंतीला टांगलेला आहे!"

सगळे हसलो. काकाही हसले. बाबा मात्र कपात बघत बसले होते. मला वाटलं, जुन्या काडतुसाचा अपमान झाला म्हणून रुसले.

आता तो कोरा कागद हातात धरून मी उभी होते आणि ऑगस्टमधली ती कॉफी माझ्या घशाशी येत होती. तीनशेआठचं भोक साडेसहाच्या शेजारी पडलं तर ते मला झोपेतही ओळखता येईल. म्हणून ती बंदूक विकली. कागदावर एकाच मापाची भोकं पडायला हवी होती. मग जुनं का नाही घेतलं? कारण जुन्या, हातखंडा काडतुसानं ओडमुनकाकांच्या पाचही गोळ्या हुकल्या असत्या तर लोकांनी भुवया उंचावल्या असत्या. नवं होतं म्हणून सगळं हसण्यावारी गेलं. थोड्या वेळापूर्वीच मैदानावर हशा पिकला होता, "काका, अमेरिकेनं दगा दिला!" आणि काका म्हणत होते, "हात बसायला वेळ लागतो रे, दुसऱ्या फेरीत बघा."

इतका विचार करून केलेली लबाडी! आणि तीही या दोन म्हाताऱ्यांनी, ज्यांनी मला बंदूक धरायला शिकवली!

दोन्ही कागदांची गुंडाळी केली आणि दोघांना नेमबाजी क्लबच्या इमारतीमागे लाकडांच्या छपराशी बोलावलं. बाबा बंदूक खांद्याला अडकवून आले, ओठांवर वाफलचा चुरा तसाच.

"काका, तुमच्या पाच गोळ्या कुठे गेल्या?"

"मातीत. अगं, नवं काडतूस..."

"मातीत नाही. माझ्या बापाच्या कागदात गेल्या. मातीत बापाच्या गेल्या, चार. पाचवी चुकून कागदाच्या कोपऱ्यात लागली, म्हणून तुम्ही सापडलात."

काकांनी मान खाली घातली. पण बाबांचा चेहरा एकदम उजळला.

"लागली?" ते म्हणाले. "म्हणजे एक लागली?"

मला ओरडायचं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तर ते माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत होते. कितीतरी दिवस ते असंच बघत असतील. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मधलं जातं, पोरी," ते हळूच म्हणाले. "कडेचं सगळं दिसतं. तुझे बूट दिसतात, मागची लाकडं दिसतात. तुझं तोंड बघायला गेलो की तिथे करडा डाग."

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले. गेल्या वर्षी डाग लहान होता, चाचणी कशीबशी निभावली."

दोन हिवाळे! गाडी परवडत नाही म्हणून त्यांनी विकली, तेव्हा मी त्यांच्या काटकसरीचं कौतुक केलं होतं. मैदानावर कोण पोझिशन बदलतो, कुणाचं बोट चापावर लवकर जातं, सगळं मला दिसतं. आणि बाबा रोज सकाळी जिच्याकडे कॉफीला येतात ती मी, मला माझ्या बापाचे डोळे दिसले नाहीत. लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, आणि तो मी समोरच्यावर काढला.

"आणि काका, तुम्ही! आंधळ्या माणसाला भरली बंदूक देऊन रानात उभा करणार होतात?"

"भरलेली नाही, गुनवोर!" काका कळवळून म्हणाले. "तसा शब्द घेतलाय मी त्याच्याकडून. गोळ्या घरी ठेवायच्या, रिकामी बंदूक घेऊन नुसतं उभं राहायचं. चौसष्ट वर्षं उभा राहिलाय तो त्या दलदलीपाशी. शेजारची जागा तू मला देतेसच. एल्क आलाच तर मी बघून घेतला असता. रडला गं तो माझ्याकडे. मला नाही म्हणवेना."

बाबा रडले होते. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"खरं का, बाबा? ठेवल्या असत्या गोळ्या घरी?"

पुढे मैदानात कुणीतरी हसलं.

"तसंच ठरवलं होतं," बाबा म्हणाले. "पण कुत्रा भुंकायला लागला, फांद्या मोडायला लागल्या, की... नाही सांगता येत, पोरी. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. खिशात दोन-चार टाकल्याच असत्या."

"एम्ब्रेट!" काका ओरडले.

"अजून एक आहे," बाबा म्हणाले. "आता निघालंच आहे तर ऐका. गेल्या वर्षी, त्याच जागेवर, डावीकडून काहीतरी मोठं, काळपट आलं. मी बंदूक लावली. मधे डाग, कडेला नुसतं हलताना दिसत होतं. मी चापावर बोट ठेवलं. तेवढ्यात ते खोकलं." त्यांनी ओठ पुसले. "योस्टाइन होता."

माझा नवरा आमच्या टोळीचा कुत्रेवाला. दोरी धरून कुत्र्यामागून रानातून चालत येतो, एल्कला आमच्याकडे काढतो. सगळ्या बंदुकांच्या समोर असणारा तो एकटाच माणूस.

"त्याच्या अंगात केशरी जाकीट होतं," मी म्हटलं. "केशरी, बाबा! एवढं भडक..."

"सप्टेंबरात सगळं रानच केशरी असतं, पोरी."

ओडमुनकाका मटकन ओंडक्यावर बसले. "हे तू मला सांगितलं नव्हतंस," ते परत परत म्हणत होते. "एम्ब्रेट, हे तू मला नव्हतं रे सांगितलंस." सोमवारी शिकार सुरू झाल्यावर आपण काय करायला निघालो होतो ते त्यांना आत्ता कुठे कळलं असावं. मला कळत होतं आणि मी लाकडाला धरून उभी होते. एक खोकला. सर्दीचा, धुक्याचा, कशाचाही असेल. तो आला नसता तर मी आज विधवा असते, आणि मला विधवा करणाऱ्या बापाला मी थोड्या वेळापूर्वी ओरडून पास केलं होतं.

तेवढ्यात गाडीचं दार आपटलं आणि योस्टाइन धावतच छपरामागे आला. घरातल्याच चपला पायात होत्या.

"पास झाले म्हणालीस फोनवर?" त्याला धाप लागली होती. "कसे पास झाले? शक्यच नाही ते!"

शक्य नाही, हे याला कसं माहीत? मी त्याच्याकडे बघितलं आणि काहीतरी फार वाईट माझ्या लक्षात यायला लागलं.

"बाबा सांगतायत," मी म्हटलं. "गेल्या वर्षी तुला खोकला आला, म्हणून वाचलास."

योस्टाइननं आधी माझ्याकडे, मग बाबांकडे बघितलं. लपवायला आता काही उरलेलं नाही हे त्याला समजलं.

"खोकला आला नव्हता," तो म्हणाला. "मुद्दाम खोकलो. नळी सरळ माझ्यावर होती. ओरडलो असतो तर बाबा दचकले असते आणि चाप दाबला गेला असता. म्हणून आपलं साधंच खोकलो, घरात खोकतो तसं."

"आणि वर्षभर मला बोलला नाहीस? एका शब्दानं नाही?"

"वाटलं, यंदा चाचणीत पडतील. आपोआप सुटेल. तुला तुझ्या बापाला घरी बसवायला लागणार नाही, आणि त्यांनाही कुणी सांगून थांबवलंय असं वाटणार नाही. मी रोज वाट बघत होतो आजच्या दिवसाची."

मी त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. तो ओंडक्यांवर धडपडला. मी काय काय बोलले ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. तुम्ही तिघे मिळून माझ्याशी इतके चांगले वागलात, की त्यात एक मुडदा पडायचा तेवढा राहिला होता, असं काहीतरी म्हणाले. तिघांपैकी कुणी वाद घातला नाही. मी दोन्ही कागद फाडले आणि सांगितलं, की एम्ब्रेट नापास, ओडमुनही नापास, आणि दुसरी फेरी या मैदानावर त्यांना यंदा मिळणार नाही.

बाबांनी त्यातलं काही ऐकलं की नाही कोण जाणे. ते योस्टाइनच्या आवाजाच्या दिशेनं वळून उभे होते.

"किती लांब होतास रे तू?" त्यांनी विचारलं.

योस्टाइन ओंडक्यांना धरून उठला.

"सांग. मला कळायला हवं."

"जवळच होतो, बाबा. तुमचा चेहरा दिसत होता."

बाबांनी मान हलवली. खांद्यावरून बंदूक उतरवली, न बघता, नुसत्या बोटांनी तिचा बोल्ट, ज्याच्याशिवाय ती झडत नाही, तो बाहेर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. तो त्यांच्या हाताने गरम झालेला होता.

"मला तुझा नव्हता दिसत," ते योस्टाइनला म्हणाले.