ग्रॅमकाकांचे सात गुण

ग्रॅमकाकांना हे नाव पाववाल्याने दिलं. तीन ग्रॅम कमी भरलेला पाव त्यांनी एक तुकडाही न मोडता परत नेऊन दिला होता, सोबत घरच्या काट्यावरच्या आकड्याची चिठ्ठी, खाली सही आणि तारीख. नाव कानावर आलं तेव्हा काकांनी राग धरला नाही. फक्त दुरुस्ती सुचवली, की आपण मिलिग्रॅमपर्यंत बघतो.

एकतीस वर्षं ते वजनमापांचे निरीक्षक होते. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, पोकळ करून लाखेने बुजवलेलं वजन, बोलता बोलता काट्यावर टेकणारा अंगठा, सगळं त्यांनी पकडलं होतं. बायको गेली त्याला आता दीड वर्ष झालं होतं. तिचा चष्मा फ्रिजवर होता. घरातली बाकी प्रत्येक वस्तू काकांची तोलून झाली होती.

लेक दुसऱ्या शहरात राहायची. फोनवर बाबा फक्त पावाबद्दल बोलतात, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ज्येष्ठांच्या मानसिक आरोग्य केंद्रात त्यांचं नाव नोंदवलं. तिथली समुपदेशक दर गुरुवारी चार वाजता यायला लागली. वयाने ती काकांच्या लोखंडी कपाटापेक्षा लहान होती. पहिल्या गुरुवारी काका म्हणाले, मला काही झालेलं नाही. तिने ते लिहून घेतलं. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी तिची पिशवी तोलली आणि सव्वाचार किलो पाठीवर वागवल्याबद्दल तिला दोन शब्द सुनावले. चौथ्या गुरुवारी ते सव्वातीनलाच दोन कपांचं पाणी मोजून खिडकीशी उभे होते. आपण कुणाची वाट बघतोय असं त्यांना वाटत नव्हतं. खिडकी तिथेच होती, म्हणून ते तिथे होते.

घोळ घातला तो समोरच्या ब्लॉकमधल्या मुख्याध्यापिकाबाईंनी. निवृत्त झाल्या तरी जिन्यात कुणी धावलं तर त्या अजून दाराबाहेर येत. ही समुपदेशक त्यांच्याकडे मंगळवारी यायची. केंद्राचा नियम असा, की दर महिन्याला एक तक्ता भरायचा. पंधरा प्रश्न, हो किंवा नाही, मन खचल्याच्या प्रत्येक उत्तराला एक गुण. बाईंनी तो तक्ता जसा सोडवायला हवा तसा सोडवला, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला आदर्श उत्तर दिलं. पंधरापैकी एक पडला. आपण नापास झालो म्हणून त्या दोन दिवस धड जेवल्या नाहीत. मग केंद्राचं पत्र आलं, की आपली मनःस्थिती उत्तम आहे, सबब भेटी बंद करत आहोत.

“छत्तीस वर्षांच्या नोकरीत,” बाई जिन्यात काकांना म्हणाल्या, “पहिल्या आलेल्या मुलीला मी कधी शाळेतून काढलं नाही.”

काकांनी तिथेच नियम विचारून घेतले. पाचपर्यंत गुण पडले तर भेटी बंद. सहा ते दहा, भेटी चालू. अकरा किंवा वर गेले तर मोठ्या डॉक्टरांकडे रवानगी आणि घरच्यांना फोन. आपल्या घरच्यांना फोन म्हणजे काय, हे काकांना सांगायची गरज नव्हती. लेक दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर झाली असती आणि काकांना काट्यासकट तिच्या पाहुण्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं असतं. तिथे गुरुवार असतो, पण त्या दिवशी कुणी येत नाही.

बाईंनी सगळे प्रश्न कॅलेंडरच्या मागे उतरवून ठेवले होते. काका ते कॅलेंडर मागून घेऊन आले आणि चार संध्याकाळी अभ्यासाला बसले. सात, असं त्यांनी ठरवलं. इकडे आड, तिकडे विहीर, मधे सात. पण दरवेळी तोच आकडा म्हणजे कच्चा चोर. म्हणून पहिल्या महिन्यात सात, मग आठ, मग सात, मग सहा. उत्तरंही फिरवायची. या महिन्यात कंटाळा आला तर पुढच्या महिन्यात विसराळूपणा. ज्या माणसाने एकतीस वर्षं खोटी मापं पकडली, त्याने खोटं माप असं सुबक बनवलं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. दाखवायला कुणी नव्हतं, एवढीच खंत. ती खंतही त्यांनी तिसऱ्या महिन्यात एका प्रश्नाखाली लावून टाकली.

तक्ता एकदा भरला की महिनाभर गुरुवार मोकळे. तेव्हा ते तिला खोटी मापं पकडायची विद्या शिकवायचे. तिला ती कशाला हवी होती कोण जाणे, पण ऐकायची. एकदा तिने विचारलं, दुकानात शिरल्यावर आधी काय बघायचं? काका म्हणाले, भरलेल्या पारड्याकडे अजिबात बघायचं नाही, दुकानदाराला तेच हवं असतं. काटा रिकामा करायला सांगायचा आणि जे हलायला पाहिजे ते हलत नाहीये का, ते बघायचं. तिने हेही लिहून घेतलं.

सहा महिने असेच गेले. सातव्या महिन्यात ती आली ती चहा न घेताच खुर्चीत बसली आणि जुने सहाही तक्ते टेबलावर ओळीने मांडले. काकांनी हा प्रकार ओळखला. ते स्वतः जप्त केलेली वजनं अशीच ओळीने मांडायचे.

“काका, यातली अकरा उत्तरं दर महिन्याला हलतात,” ती म्हणाली. “चार कधीच हलली नाहीत, दर वेळी ठणठणीत. घर रिकामं वाटतं का, बाहेर पडावंसं वाटत नाही का, आपला कुणाला उपयोग नाही असं वाटतं का, पुढे काही आहे असं वाटतं का. या चारांना तुम्ही हातच लावला नाही.”

काका म्हणाले, “मॅडम, पहिल्यांदाच झालं. परत नाही होणार.”

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हेच वाक्य आपण आयुष्यात हजारेक दुकानदारांच्या तोंडून ऐकलं आणि एकालाही सोडलं नाही.

तीही सोडणाऱ्यातली नव्हती. तिने कोरा तक्ता काढला आणि म्हणाली, आता काटा रिकामा करून तोलू. काकांनी पेन घेतलं. खरं लिहायचं म्हणजे दोन, फार तर तीन भरणार, कारण आपल्याला काहीच झालेलं नाही. म्हणजे आजचा गुरुवार शेवटचा. पण पकडला गेलेला माणूस पंचासमोर पुन्हा अंगठा टेकवत नाही, एवढी लाज त्यांच्यात होती. त्यांनी एकेक प्रश्न वाचला आणि जे होतं ते लिहिलं. चार प्रश्नांशी थांबावं लागलं. एकाशी तर इतका वेळ, की ती उठून स्वतःच चहा टाकून आली.

बेरीज अकरा आली.

काकांनी ती अमान्य केली. पुन्हा मोजलं, खालून वर मोजलं, एक आड एक मोजलं. गेल्या महिन्यात खोटे म्हणून लिहिलेले सातच्या सात गुण तसेच खरे निघाले होते आणि त्यावर हे चार. सहा महिने त्यांनी माप मारलं होतं, तेही गिऱ्हाइकाच्या बाजूने नव्हे, दुकानदाराच्याही नव्हे. असला गुन्हा कुठल्या कलमात बसतो, ते त्यांना आठवेना.

“तुमचा काटा सदोष आहे,” ते म्हणाले.

“असू शकतो,” ती म्हणाली. “म्हणून तर डॉक्टर दुसऱ्यांदा तोलतात. मी येते तुमच्याबरोबर.”

“आणि गुरुवार?”

“अकरापासून पुढे आठवड्याला दोन भेटी असतात. सोमवारी आणि गुरुवारी.”

हा नियम मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितला नव्हता. त्यांचा अभ्यास वरच्या यत्तेपर्यंत गेलाच नव्हता. सहा महिने आपण ज्या विहिरीला घाबरत होतो, तिच्या तळाशी एक सोमवार होता, हे पचवायला काकांना चहा लागला.

लेकीला फोन त्यांनीच केला. म्हणाले, अकरा भरले. तिने विचारलं, काय अकरा भरलं, बाबा? सांगायला वीस मिनिटं लागली. पावाचा विषय एकदाही निघाला नाही. लेक या नाही, पुढच्या रविवारी येते म्हणाली, आणि न्यायला नाही, राहायला, असं तिने न विचारता सांगितलं.

समुपदेशक तक्ते गोळा करायला लागली तेव्हा काकांनी तिला थांबवलं. खोटी मापं तशीच फाइलला लावायची नसतात. त्यांनी सहाही तक्त्यांवर तिरप्या अक्षरात ‘बनावट’ लिहिलं, खाली सही, तारीख. मग फ्रिजवरचा चष्मा काढून काट्यावर ठेवला. बावीस ग्रॅम. आकडा त्यांनी कुठे लिहिला नाही, मोठ्याने वाचला फक्त. तिनेही या वेळी काही लिहून घेतलं नाही.

सोमवारी चारला दहा कमी असताना दार वाजलं. काकांनी तीन कपांचं पाणी ठेवलं होतं, कारण सकाळी जिन्यात त्यांनी सगळी हकीकत सांगितली होती आणि ऐकणारीचा चेहरा त्यांनी पाहिला होता. दारात मुख्याध्यापिकाबाई होत्या, हातात स्वतःची खुर्ची.

“त्या मुलीला सांगा,” बाई आत येत म्हणाल्या, “मला फेरतपासणीचा अर्ज करायचाय. मी सगळी उत्तरं पाठ करून लिहिली होती.”