अडलेला शब्द

“मला वाटतं, म म माझ्या भाषणाची सुरुवात—”

“शाळेपासून करावी,” ती म्हणाली.

“नाही. म म—”

“मग मशिनपासून?”

त्यानं चष्म्याची काच खाली ठेवली, घासायचं मशिन बंद केलं. “र राहू दे. बाईंना सांगतो.”

बाईंना! तिच्या डोक्यात तिडीकच गेली. लग्न झाल्यापासून हा माणूस दुकानात मागे बसून काचा घासतोय आणि पुढे गिऱ्हाइकांशी बोलतेय ती. फोन तिनं घ्यायचे, मुलीच्या शाळेत तिनं जायचं, डॉक्टरला याचं दुखणंसुद्धा तिनंच सांगायचं. याचा शब्द अडला रे अडला की तिच्या तोंडात तो तयार. नातेवाईक म्हणायचे, याला ठेच लागली तरी ‘आई गं’ हीच म्हणेल. ते ऐकून ती सुखावायची. आणि आता वाचनालयात बोलण्याचा वर्ग घेणारी कोण कुठली बाई याला भाषणाला उभं करणार होती. विषय काय, तर स्वतःचा अनुभव.

एकदा ती त्या वर्गात डोकावली होती. तो एका शब्दावर अडकून लालबुंद झाला होता आणि बाई हनुवटीला हात लावून नुसत्या बघत बसल्या होत्या. “येऊ द्या सावकाश. आपल्याला घाई नाही.” त्या दिवसापासून हिनं त्यांचं नावच ‘घाई-नाही-बाई’ ठेवलं. नाव ठेवून हसली खरी, पण जळफळाट व्हायचा तो झालाच. बाई वयानं पोक्त, दिसायला बेताच्या. तसला संशय तिच्या मनाला शिवलाही नव्हता. पण घरात ‘हो’, ‘नको’, ‘राहू दे’ एवढ्यावर भागवणारा नवरा तिथे अख्खी वाक्यं बोलत होता. ती वाक्यं आपल्या वाटची होती, असं तिला वाटत होतं.

“अहो, कशाला हवंय हे?” ती म्हणाली. “चारचौघांत फजिती झाली म्हणजे?”

“झ झाली तर होईल.”

“बरं, निदान आपली नोंदणी कचेरीची गोष्ट तरी सांगा. लोक हसतील.”

“ती स सांगणारच आहे,” तो म्हणाला. हसला मात्र नाही.

ती गोष्ट म्हणजे हिचं हुकमाचं पान. लग्नाच्या नोंदणीला कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं, हा अडकला आणि हिनं ते ठणकावून सांगून टाकलं. कारकून म्हणाला, “तुमच्यात नवरा कोण?” चार माणसं जमली की ती हे सांगायची आणि हशा वसूल करायची. तेव्हा भाषणाच्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून पहिल्याच रांगेत बसली. मध्येच अडला तर तिथून ओठ हलवून सांगता आलं असतं.

तो उभा राहिला. ‘आदरणीय व्यासपीठ’ वगैरे काही नाही, एकदम कचेरीतच शिरला.

“कारकुनानं न नाव विचारलं. माझं नाव तयार होतं. दातांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात शेजारून ते स सांगूनही झालं. सगळे हसले. मीही हसलो. पण त्या दिवशी ते म मला सांगायचं होतं.”

सभागृहात कुणी हसलं नाही. हिचे कान तापले. हे त्या बाईचंच शिकवणं असणार! तिनं रागानं तिकडे पाहिलं, तर बाईही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या बसलेल्या. म्हणजे हे यानं त्यांनाही सांगितलं नव्हतं.

“तिला द दोष नाही देत,” तो म्हणाला. “तिच्यामुळे माझं कधी काही अडलं नाही. माझी बायको म्हणजे माझा आ... आ... आ...”

अडलाच. हिच्या जिभेवर शब्द हजर होता. आवाज! माझा आवाज. दुसरं काय असणार? तिनं ओठ हलवले, पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. की आधार म्हणायचंय? आधारही चाललं असतं. सगळं सभागृह गप्प होतं आणि ती शांतता तिला सोसवेना. ती खुर्चीतून अर्धी उठली.

“थांबा हो,” शेजारचे अनोळखी आजोबा पुटपुटले. “येतंय त्यांना.”

“...आडोसा,” तो म्हणाला. “त्याच्यामागे म माझं फार सुखात गेलं. पण तिथून मी कुणाला दिसलो नाही. त तिलासुद्धा.”

टाळ्या कितीतरी वेळ चालल्या. हात मांडीवर ठेवून बसलं तर लोक बघतील म्हणून तिनंही वाजवल्या.

माणसं पांगल्यावर तो खाली आला, पाठोपाठ बाईही. “कसं झालं भाषण?” बाईंनी तिला विचारलं. “तुम्ही सांगा.”

‘छान’ म्हणायला तिनं तोंड उघडलं. शब्द येईना. “मला... म्हणजे मला...” आयुष्यात पहिल्यांदा तिनं मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं. तिला काय म्हणायचंय ते त्याला पुरतं कळलं होतं, चेहऱ्यावर दिसतच होतं.

पण त्यानं एक खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला आणि थांबला.