गाडीतल्या न्हाणीघराचं इन्स्पेक्शन

नीळूभाऊ मोहरीलांनी अख्खी नोकरी भोपाळच्या कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काढली आणि तिथे एक गोष्ट पक्की शिकले. साहेब ज्या बाजूने चालत येणार त्या बाजूला रंग मारायचा. दुसरी बाजू आपली आपण गंजत बसते, तिला कोणी विचारत नाही.

एकदा दिल्लीहून कोणी बडे साहेब यायचे होते आणि भर मे महिन्यात कॅन्टीनसमोरचं गवत वाळून कडबा झालेलं. नीळूभाऊंनी स्प्रे गन काढली आणि गवत हिरवं करून टाकलं. साहेब खूश होऊन गेले. कॉलनीतली एक शेळी मात्र आली, वास घेतला आणि निघून गेली. हा किस्सा सांगताना नीळूभाऊ शेळीची नक्कल करायचे, नाक वगैरे फेंदारून. पहिल्यांदा सगळे हसले. शंभराव्यांदा फक्त त्यांची बायको हसायची, रत्नप्रभाबाई. तीही अगदी मनापासून, पदर तोंडाला लावून.

रिटायर झाल्यावर नीळूभाऊंनी कारखान्याची भंगारात काढलेली मिनीबस घेतली. वेल्डिंगवाला सदाशिव टेंभेकर त्यांचा जुना दोस्त, शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहणारा. दोघांनी मिळून बसच्या सीटा उपटल्या, दोन बिछाने टाकले, गॅसची शेगडी बसवली, छतावर पाण्याची टाकी चढवली आणि मागच्या कोपऱ्यात फायबरचं न्हाणीघर केलं. कपाटाएवढं. त्यातच कमोड, त्यातच डोक्यावर शॉवर, छोटा गीझरसुद्धा. त्यात माणूस वळला की कोपर नळाला लागायचं, पण होतं.

ते न्हाणीघर हाच सगळा मुद्दा होता. फार वर्षांपूर्वी कॉलनीतली मंडळी एलटीसीवर, म्हणजे कारखान्याच्या खर्चाने, जगन्नाथपुरीला गेली होती. रेल्वेतला संडास बघून रत्नप्रभाबाईंनी इटारसीपासून पाणी पिणंच बंद केलं. धर्मशाळेतला बघून तर गुळण्यासुद्धा मोजून. तिसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर चक्कर येऊन पडल्या आणि समुद्र बघायच्या ऐवजी सलाईनची बाटली बघत राहिल्या. त्यानंतर त्यांचा प्रवास म्हणजे फक्त नागपूर, बहिणीकडे. भोपाळला गाडीत बसताना पाणी बंद, नागपूरला उतरल्यावर चालू.

या खेपेला नागपूरला जाताना त्या सांगून गेल्या होत्या, "आल्यावर बाथरूम बघीन. पटलं तर तुमच्यासोबत बसते, म्हणाल तिथे येते. नाही पटलं तर ती बस जवाहर चौकातल्या पाटणीला देऊन टाका. तो चाट विकायला मागतोच आहे."

"आणि मी एकटाच गेलो तर?"

"जा की. किस्से कोणाला सांगाल?"

नीळूभाऊंनी अट कबूल केली.

आता बाई गावाला गेल्यावर शहाणा माणूस गाडीला झाकण घालून ठेवतो. नीळूभाऊंनी तीच गाडी घेऊन केरवा डॅमवर रोडग्यांची पार्टी काढली. कॉलनीतली चार विदर्भाची माणसं जमली की रोडगे होणारच, आणि रोडगे म्हटलं की कणकेचे गोळे भाजायला गोवऱ्या आल्या. आभाळ भरून आलेलं, गोवऱ्या भिजू नयेत म्हणून सदाशिवने त्या न्हाणीघरात रचल्या. परत येताना काळी झालेली पातेली तिथेच विसळली. वरणाचा तळही तिथेच ओतला, वर तूप.

रत्नप्रभाबाई यायच्या आदल्या दिवशी नीळूभाऊंनी दार उघडलं. खाली राखेचा आणि तुपाचा थर, भिंतींवर बोअरच्या पाण्याचे पांढरे ओघळ, मोरीच्या जाळीत गोवरीचा भुगा. वासाचं वर्णन नको. ते काथ्या घेऊन वाकले, थोडं घासलं आणि एका बाजूचा काळा दुसऱ्या बाजूला गेला.

सदाशिव दारात येऊन उभा राहिला. "क्या खां," त्याने भोपाळी झोकात विचारलं, "गोठा धुताय का?"

"तुझ्याच गोवऱ्या आहेत."

"माझ्या काय, म्हशीच्या. किती घासणार नीळूभाऊ, कंबर जाईल. तुमच्याकडे तो पांढरा इनॅमल पडलाय ना?"

नीळूभाऊ सरळ झाले. खरं म्हणजे सदाशिवने सांगायच्या आधीच त्यांच्या डोक्यात ते येऊन गेलं होतं. घासल्याशिवाय रंग धरत नाही, हे शॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला त्यांनीच शिकवलेलं. पण त्यांच्या आयुष्यात रंगाला साहेबाची गाडी गेटबाहेर पडेपर्यंतच टिकायचं असायचं. त्यापुढचं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

फडक्याने वरवर पुसून त्यांनी दुपारच्या उन्हात रंगाचे दोन हात मारले. संध्याकाळपर्यंत न्हाणीघर असं पांढरंशुभ्र दिसायला लागलं की सदाशिवने चप्पल बाहेर काढून आत डोकावलं.

"वहिनी बघतील तर गाडीतून उतरणारच नाहीत," तो म्हणाला.

सकाळी रत्नप्रभाबाई आल्या. चहा घेतला, बहिणीकडचं सगळं सांगितलं, मग पिशवी कोपऱ्यात ठेवून गाडीत चढल्या. न्हाणीघराचं दार उघडलं आणि उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत, भिंतीला बोट लावलं नाही. नुसतं नवऱ्याकडे बघितलं.

"छान दिसतंय."

"मग?"

"मग काय. तुम्ही आधी आंघोळ करा. मी इथे बसते."

"मी सकाळीच केली ना."

"गरम आहे आज. आणखी एकदा करा."

साहेब लोक कधी असं म्हणत नाहीत. डायरेक्टर कधी म्हणाला नव्हता की मोहरील, जरा गवत खाऊन दाखवा. नीळूभाऊंनी टॉवेल घेतला, आत गेले, कडी लावली. बाहेर बिछान्याच्या कडेला रत्नप्रभाबाई पाय खाली सोडून बसल्या. गाडीच्या पायरीवर सदाशिव होता, बोलावलं नसताना.

गरम पाणी सुरू झालं आणि नीळूभाऊंच्या पायाखालचा रंग हलला. दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला, मग बोटांना चिकटून उचलला गेला. खालून राख आली. भिंतीवरचे पापुद्रे सुटून जाळीवर जाऊन बसले आणि उरलीसुरली वाटही बंद झाली. पाणी घोट्यापर्यंत चढलं, करडं, वर तुपाचे डोळे. त्यात नीळूभाऊ एका पायावर उभे, दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने जाळी खरवडत.

"पाणी जातंय का हो?" बाहेरून आवाज आला.

"जातंय की. मस्त जातंय."

रत्नप्रभाबाईंनी दाराच्या फटीतून आपल्याकडे येणारं पाणी बघितलं. पाय उचलून वर घेतले.

"हो," त्या म्हणाल्या. "इकडे येतंय."

सदाशिव पायरीवरून उठला आणि क्वार्टरच्या मागच्या अंगाने घरी गेला.

नीळूभाऊ बाहेर आले तेव्हा पिंडऱ्यांना पांढऱ्या कातड्या लोंबत होत्या. रत्नप्रभाबाई हसल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. एरवी यावर त्या पंधरा दिवस हसल्या असत्या. आज त्या पाण्यातून वाट काढत उतरल्या आणि पायरीवर थांबल्या.

"गवताचा किस्सा मला फार आवडतो," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही मला साहेबाच्या बाजूला उभं कराल असं वाटलं नव्हतं." आणि घरात गेल्या.

पाटणीचा नंबर फोनमध्ये होताच. नीळूभाऊंनी तो काढला, बघितला आणि फोन ड्रायव्हरच्या सीटवर टाकला. मग बनियन काढून परत आत शिरले.

थिनर लावला असता तर फायबरच विरघळलं असतं, म्हणून जुनं एटीएम कार्ड घेतलं आणि रंग खरवडायला बसले. कार्ड झिजलं, लाकडी उलथनं घेतलं. जाळीचे स्क्रू काढून हात कोपरापर्यंत आत घातला. आधी मेणबत्तीसारखा घट्ट झालेला तुपाचा गोळा निघाला, मग राख, मग एक चमचा. भिंतीवरच्या क्षाराला सरबताच्या लिंबांची उरलेली सालं चोळली आणि व्हिनेगरची फडकी लावून ठेवली. क्षार सुटेपर्यंत कमोडच्या मागची फट जुन्या टूथब्रशने घासली. तिथे पोहोचायला पोटावर झोपावं लागायचं. त्या बाजूने कुठलाही साहेब कधीच चालत येणार नव्हता, आणि नीळूभाऊंना तिथे सगळ्यात जास्त वेळ लागला.

मधे सदाशिव खिडकीशी आला. "मदत करू?"

"नको."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"तुझा चमचा सापडलाय. घेऊन जा."

उन्हं उतरायला लागली तेव्हा न्हाणीघर पिवळट दिसत होतं. ठिकठिकाणी ओरखडे होते, एका कोपऱ्यात गोवरीचा तपकिरी डाग होता तो काही गेला नाही. आदल्या दिवशीच्या मानाने पार उतरलेलं दिसत होतं. नीळूभाऊ घराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"डाग राहिलाय," ते म्हणाले. "उजव्या कोपऱ्यात. ओरखडेपण आहेत. बाकी धुतलंय."

रत्नप्रभाबाई शेंगा निवडत होत्या. ताट बाजूला ठेवून आल्या. चपला काढून अनवाणी आत गेल्या. डागावर पाय घासला. वाकून कमोडच्या मागे हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली. बादलीभर पाणी एकदम ओतलं. ते गर्रकन फिरलं आणि गेलं. त्यांनी कडी लावून बघितली, काढून बघितली. शेंगा निवडायला परत गेल्या, आणि रात्रीच्या जेवणाला भाजी जरा जास्तच केली, सकाळी डब्यात बांधायला पुरेल एवढी.

सकाळी गाडी निघाली. कॉलनीच्या गेटवर वॉचमनने सलाम ठोकला, नीळूभाऊंनी हॉर्न वाजवला. कुठे जायचं ते अजून ठरायचं होतं. रत्नप्रभाबाई पुरीबद्दल काही बोलल्या नव्हत्या, आणि नीळूभाऊंनी विचारलं नव्हतं.

साकेत नगर मागे पडलं तसं त्यांनी आरशात बघितलं. मागे रत्नप्रभाबाईंनी तांब्यातून पेला भरला. पिऊन संपवला. मग पुन्हा भरला.

नीळूभाऊंनी गिअर बदलला. "एकदा काय झालं," ते म्हणाले, "दिल्लीहून साहेब यायचे होते..."

"शेळी आली," मागून आवाज आला. "पुढे बोला."