वाफेच्या खोलीतले अमृत

आमच्या धुलाईघरात त्या संध्याकाळी काम ठप्प झाले होते. धुण्याच्या खोलीत हौदांवरून वाफ उठत होती आणि चाळीस माणसे एका काचेच्या थाळीभोवती हात जोडून उभी होती. दारी आलेल्या ओलावाबा नावाच्या साधूचे अमृत सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम भरले होते, ते आता एकशेवीस भरले! थाळीवर दिवसभर माझ्याच कामकरी बायकांचा पहारा होता. कोणी थेंबही ओतला नव्हता.

“आकाशीचे तेज उतरते आहे,” बाबा डोळे मिटून म्हणाले. मग एक डोळा उघडून त्यांनी माझ्या सुनेकडे पाहिले. “पण या हातांना शाप आहे. हिला वर्षभर माहेरी धाडा, नाहीतर अमृत आटेल.”

सुनेने भेगाळलेले हात पाठीमागे लपवले. तिचा नवरा, माझा थोरला, पुटपुटला, “आई, वर्षाचाच तर प्रश्न आहे.”

“तुझ्या पाठीला कणा आहे की नाही, हाही प्रश्नच आहे,” मी म्हणाले. “बाबा, कालच हे अमृत लावून हिचे हात जरा मऊ पडले. शापित हातांना ते लागू कसे पडले?”

“लीला, माउली, लीला!”

ती लीला मी बोटावर घेऊन आधीच चाखली होती. गोड आणि चिकट, अगदी ग्लिसरीनसारखी. औषधांचे दुकान चालवणाऱ्या माझ्या भाचीला मी ग्लिसरीनची बाटली घेऊन बोलावले. दुसऱ्या दिवशी बाबांच्या थाळीशेजारी आमचीही ग्लिसरीनची थाळी मांडली. संध्याकाळी दोन्ही जड झाल्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही भिंतीपलीकडच्या वाळवणीच्या खोलीत, भट्टीच्या कोरड्या धगीत ठेवल्या. दोन्ही हलक्या झाल्या.

“या खोलीत पुण्य कमी पडते!” बाबा ओरडले.

“भिंतीच्या अलीकडे पुण्य आणि पलीकडे पाप? गवंडी फारच सिद्धपुरुष असावा!”

बायका खदखदून हसल्या. बाबा थाळी तिथेच टाकून दाराकडे सरकले.

भाची म्हणाली, “मावशी, ग्लिसरीन हवेतली वाफ ओढून घेते. त्वचेच्या वरच्या थरातही ते पाणी धरून ठेवते, म्हणून हात मऊ पडतात. मात्र ते पातळ करून ओल्या हातांना लावावे आणि वरून मलम चोळावे. कोरड्या हवेत नुसते घट्ट ग्लिसरीन चोपडले, तर ते उलट त्वचेतलेच पाणी ओढते.”

“आणि या भेगा?”

तिने हौदात डोकावून पाहिले. “धुण्याचा सोडा फार कडक आहे. वहिनी हातमोजे घालत नाहीत का?”

स्वस्त पडतो म्हणून हा सोडा थोरल्यानेच आणला होता. हातमोजे ही चैन आहे, असेही त्यानेच ठरवले होते.

सून घरातच राहिली. तिला हातमोजे, मलम आणि डॉक्टरांची भेट मिळाली. थोरल्याला मी चार दिवस हातमोज्यांविना हौदावर उभे केले. पाचव्या दिवशी त्याचे हात फाटले, पण त्याला वर्षभर कुठे धाडावे असे कोणी सुचवले नाही.

माझे सांगणे एवढेच आहे: हात फाटले तर ते कशात बुडतात, हे आधी पाहा. चमत्कार दिसला तर त्याची खोली बदलून पाहा. आणि घरातल्या बाईला दोष देणारा कोणीही दारी आला, तर त्याला उंबऱ्याबाहेरच उभा ठेवा.