मोठी काजं

सिस्टरचा खेळ साधा होता. समोर बसलेल्यांतून तिघाचौघांना उठवायचं, उजव्या हाताची बोटं चिकटपट्टीनं तळव्याशी बांधायची, अंगठा आणि करंगळी तेवढी मोकळी ठेवायची, डावा हात पाठीमागे घ्यायला लावायचा आणि शिट्टी फुंकायची. ज्याच्या शर्टाची बटणं आधी लागतील तो जिंकला.

वस्ती पत्र्याची झाकणं करणाऱ्या कामगारांची. तिथल्या प्रेस मशीनला दोन खटके असत. दोन्ही हातांनी दोन्ही खटके दाबले तरच साचा खाली येई, त्यामुळे हात आत राहण्याचा प्रश्नच नसे. पण तसं केलं की माल कमी निघे. म्हणून लोक एका खटक्यात चिंधी कोंबून तो दाबलेला ठेवत आणि मोकळ्या हातानं पत्रा सरकवत. आरोग्य केंद्राची सिस्टर सुट्टीच्या दिवशी येऊन घसा कोरडा करत होती, ती ही चिंधी निघावी म्हणून.

तिच्या खेळात हात न बांधता उतरणारा गडी एकच, अडीचराव. मशीननं बोटं नेली आणि उजव्या हाताला अडीच उरली, तेव्हा हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं.

पहिल्या खेपेला त्यांची फजिती झाली होती. बटण काजात जाईना. घाम फुटला. लोक आपल्या पायांकडे बघत बसले, मग एकेक जण सटकला. अडीचराव म्हणाले, "सिस्टर, पुन्हा मला उभं करू नका."

बोटं गमावलेलं दुसरं कुणी हात दाखवायला तयार नव्हतं. सिस्टर त्यांच्या बायकोला गाठून म्हणाली, "वहिनी, एका शर्टाची काजं जरा मोठी करून द्याल?"

त्यानंतर अडीचराव कधी हरले नाहीत. जिंकले की हात उंचावून म्हणत, "काय पहिलवान, धडधाकट असून हरलात? उरलेली बोटं भाड्यानं द्या मला!" हशा पिकायचा. पटांगणात बसायला जागा मिळेनाशी झाली. लोक थांबले की ऐकतील, असा सिस्टरचा हिशेब होता. घरी रोज सकाळी वहिनी दार लोटून नवऱ्याची बटणं लावून देत, हे तिला ठाऊक होतं. बाकी कुणाला नव्हतं.

शेजारच्या गल्लीत राहणारी त्यांची पुतणी सगळ्यांत पुढं बसून टाळ्या पिटायची. शाळा संपल्यावर तीही प्रेसवर कामाला लागली. आणि एका दुपारी तिला ओल्या टॉवेलात हात गुंडाळून केंद्रात आणलं.

मोठ्या दवाखान्यातून सुटल्यावर ती पट्टी बदलायला केंद्रात येऊ लागली. सिस्टर कापसानं जखम पुसत होती.

"खटक्यात चिंधी होती?"

"होती."

"अगं, इतक्यांदा सांगितलं होतं..."

"ऐकलं होतं ना. तुमचं भाषण तोंडपाठ आहे मला." पुतणी भिंतीकडे बघत होती. "पण काकाचं कुठं काय अडलं होतं, सिस्टर? हसतोय, जिंकतोय. म्हटलं, फार फार तर काय होईल, काकासारखं होईल."

सिस्टरनं नवी पट्टी गुंडाळली.

संध्याकाळी ती अडीचरावांच्या घरी गेली आणि पुतणीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. अडीचरावांनी मोठ्या काजांचा शर्ट खुंटीवरून काढला. मग बायकोला म्हणाले, "तो शर्ट फेकून दे."

"आणि खेळाला काय घालाल?"

"रोजचाच."

पुढच्या सुट्टीला पटांगण भरलं. पुतणी मागं भिंतीला टेकून बसली होती, हात गळ्यातल्या झोळीत. सिस्टरनं शिट्टी फुंकली.

इतरांची बटणं लागून गेली. अडीचरावांचं पहिलंच अडलं होतं. अंगठ्यानं ढकललं की कापड मागं सरके, करंगळीनं कापड धरावं तर बटण निसटे.

"ओ अडीचराव, नाटक पुरे!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

अडीचरावांनी मान वर केली नाही. हसू हळूहळू विरलं. "त्या पोरीमुळं हातपाय गळालेत बिचाऱ्याचे," एक बाई पुटपुटली. मागच्या रांगेतले दोघं उठले, त्यांच्यामागून आणखी काही. चपलांचा आवाज दूर गेला. सिस्टरला वाटलं, शिट्टी फुंकून हे थांबवावं. शिट्टी तिच्या मुठीतच राहिली.

पुतणी उठली नाही. अंगठा कुठं टेकतो, करंगळी कापड कशी धरते, बटण नेमकं कुठून निसटतं, ते ती डोळे न हलवता पाहत होती. पट्टी सुटली की हे तिलाच करायचं होतं.